चेंडू पडेपर्यंत शेंगा सोला

बेसबॉल कळत नाही म्हणून संकोच बाळगू नका. बेसबॉल कळणं आणि बेसबॉलच्या मॅनेजरची अक्कल काढणं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत, आणि दुसऱ्यासाठी पहिल्याची गरज पडत नाही. मी बॉस्टनला आलो तेव्हा चेंडू कोण टाकतो आणि तो कोण मारतो, एवढंच मला उमगत होतं. तिसऱ्याच आठवड्यात फेनवे पार्क या इथल्या मैदानावरून परतताना ग्रीन लाइनच्या गर्दीत मी एका अनोळखी गृहस्थांना सांगत होतो, की नऊ छोट्या डावांपैकी सहाव्या इनिंगमध्येच डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) आणायला हवा होता. गृहस्थ खिन्नपणे मान डोलावत होते. ग्रीन कार्ड बऱ्याच वर्षांनी आलं. या गावाचा मी झालो तो त्या ट्रेनमध्ये.

तेव्हा तुम्ही इकडे नव्याने आला असाल, किंवा मुलाकडे सहा महिन्यांसाठी येणार असाल, तर पुढच्या सूचना नीट वाचा.

आधी शेंगा घ्या. मैदानात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा टरफलांसकट पिशवीत मिळतात. भूक हे निमित्त. त्यांचं खरं काम वेळ काढणं. कारण या शास्त्राचा पहिला नियम असा, की चेंडू पडेपर्यंत बोलायचं नाही. मॅनेजर डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरून, उठून पिचरकडे चालू लागला, की शेजारचा विचारणारच: आता काय, काढावा की ठेवावा? नवशिके इथेच फसतात. खरं खरं मत देऊन बसतात. तुम्ही शेंग फोडा, दाणे तोंडात टाका, आणि मान अशी हलवा की होही नाही आणि नाहीही नाही. पुढचा चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला, की घास गिळा आणि म्हणा, "मला वाटलंच होतं."

एवढा आटापिटा एका पिचरसाठी का, तेही समजून घ्या. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला चार षटकं देतो, मार पडला की सीमारेषेवर धाडतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाने परत आणतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. एकदा सामन्यातून काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही. एसटीतून पाय मोकळे करायला उतरलात आणि जागा गेली, तसं. सामना सुरू करणारा पिचर हल्ली नव्वद-शंभर चेंडू टाकतो. पलीकडे बुलपेन नावाच्या राखीव जागेत बाकीचे बाकावर बसून असतात, फोन वाजला की हात गरम करतात. कधी उठवायचं, कुणाला उठवायचं, हे एकटा मॅनेजर ठरवतो. आणि हे वर्षातून १६२ सामने, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. आपल्याकडे निवड समितीला नावं ठेवायला दौरा जाहीर व्हायची वाट बघावी लागते. इथे रतीब आहे.

मॅनेजर ओळखायला सोपा. वयाने मोठा, खेळाडूंचाच गणवेश चढवलेला, कधीही मैदानात उतरणार नसलेला गृहस्थ. गणवेशाची सक्ती असते असं वाटत असेल, तर कॉनी मॅक यांचं नाव टाका. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे हे मॅनेजर सूट-टाय घालून १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं डगआउटमध्ये बसले. सर्वाधिक विजय त्यांच्याच नावावर आहेत, ३,७३१. सर्वाधिक पराभवही त्यांचेच, ३,९४८. त्यांना काढलं कसं नाही, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर सरळ आहे: संघाच्या मालकीत त्यांचा हिस्सा होता.

आता मुख्य विद्या. पिचर ठेवला म्हणून हरलो, आणि पिचर काढला म्हणून हरलो, अशी दोन पारायणं तुम्हाला पाठ हवीत.

पहिलं बॉस्टनचं. १६ ऑक्टोबर २००३, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, समोर यँकीज, सातवा आणि निर्णायक सामना. जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, जाणार. बॉस्टनचे रेड सॉक्स ५-२ ने पुढे. पेड्रो मार्टिनेझने सात इनिंग्ज टाकल्या होत्या, बरोबर शंभर चेंडू झाले होते, आकाशाकडे बोट दाखवून तो टेकडीवरून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून, उतरला होता आणि डगआउटमध्ये त्याच्या गळाभेटीही उरकल्या होत्या. सगळ्या न्यू इंग्लंडने मनातल्या मनात पेढे वाटले. आणि आठव्या इनिंगला पेड्रो परत आला. एक बाद झाला. मग यँकीजच्या जीटरचा डबल (दोन टप्पे पळवणारा फटका), विल्यम्सचा सिंगल (एक टप्पा), ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत टेकडीवर आले, पेड्रोशी बोलले, आणि एकटेच परत गेले. एकटेच! हा शब्द बॉस्टनमध्ये उच्चारताना आवाज खाली आणायचा असतो. पुढे मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. मग कुठे पेड्रोला काढलं, १२३ चेंडूंनंतर. बरोबरीमुळे लांबलेल्या अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर अ‍ॅरन बून नावाच्या माणसाने होमरन मारला, चेंडू थेट प्रेक्षकांत, आणि दिवाळीच्या तोंडावर इथे दिवे गेले.

शंभरी ओलांडली की पेड्रो देवाचा माणूस होतो, कुणालाही मारू देतो, हे आकडेमोड करणारी मंडळी वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. लिटल यांनी आकड्यांऐवजी पेड्रोच्या डोळ्यांत पाहिलं. महिना संपायच्या आत त्यांचा करार गुंडाळला गेला. त्या मोसमात संघाने ९५ सामने जिंकले होते, पण ते कुणाला विचारायचं नसतं.

दुसरं पारायण टॅम्पा बे या संघाचं. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. टॅम्पाच्या ब्लेक स्नेलने नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारू न देता बाद, केलं होतं, दोनच हिट्स (यशस्वी फटके) दिल्या होत्या, चेंडू झाले होते अवघे ७३, आणि टॅम्पा १-० ने पुढे. त्यांतली दुसरी हिट, एक साधा सिंगल, सहाव्या इनिंगमध्ये गेली आणि मॅनेजर केव्हिन कॅश उठले. आता फलंदाजीच्या क्रमातले वरचे तीन बॅटर स्नेलला तिसऱ्यांदा भेटणार होते. तिसऱ्या फेरीला बॅटर पिचरला ओळखू लागतो, जास्त मारतो, हे आकड्यांचं शास्त्र सांगतं. त्या तिघांनी आधीच्या दोन फेऱ्यांत मिळून सहा वेळा प्रयत्न केला होता आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले होते. पण शास्त्र ते शास्त्र. निक अँडरसन आला. मुकी बेट्सचा डबल, एक भरकटलेला चेंडू, एक जमिनीलगतचा ग्राउंडर, आणि बघता बघता २-१. सामना ३-१ ने गेला, विजेतेपदही गेलं. थोड्याच दिवसांनी कॅश अमेरिकन लीगचे सर्वोत्तम मॅनेजर म्हणून जाहीर झाले, कारण मतं प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, आधीच टाकून झाली होती. पोस्टाचा कारभार तुम्हाला माहीत आहेच.

ही दोन पारायणं एकाच संध्याकाळी करू नका. २००३ च्या दिवशी म्हणायचं, "समोर आकडे दिसत असताना हा माणूस काळजावर गेला." २०२० च्या दिवशी म्हणायचं, "समोर पिचर दिसत असताना हा माणूस आकड्यांवर गेला." दोन्ही वाक्यं एकाच आवेशात म्हणता आली, की तुमचं निम्मं शिक्षण झालं.

काही मॅनेजर काढतही नाहीत आणि ठेवतही नाहीत. ते जपून ठेवतात. २०१६ साली बॉल्टिमोरच्या संघाकडे झॅक ब्रिटन नावाचा पिचर होता. सत्तेचाळीस वेळा त्याच्या हाती आघाडी सोपवली, सत्तेचाळीस वेळा त्याने ती राखली. असा माणूस म्हणजे ठेवणीतली पैठणी. ऑक्टोबरमध्ये टोरंटोत एकच सामना, हरेल तो घरी. मॅनेजर बक शोवॉल्टर म्हणाले असावेत, पैठणी लग्नाला नेसायची, साखरपुड्याला कशाला? आघाडी मिळाली की ब्रिटन आणू. आघाडी मिळाली नाही. अकराव्या इनिंगमध्ये त्यांच्याच उबाल्डो हिमेनेझला टोरंटोच्या एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला, ५-२, आणि पैठणी घडीसकट बॉल्टिमोरला परत गेली.

सामना जिंकल्यावर काय करायचं, हे पुष्कळ जण विचारतात. काहीच अडत नाही. १३ एप्रिल २०२२ ला मिनीॲपोलिसच्या थंडीत डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने सात इनिंग्ज टाकल्या, एकवीसपैकी एकही बॅटर बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावरही, पोचला नाही, तेरा जण स्ट्राइकआउट. शेवटपर्यंत असं झालं तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात असे चोवीसच झालेत. चेंडू झाले होते ८०. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सनी त्याला काढलं. संघ ७-० ने जिंकला आणि देशभर सुतक पडलं. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या लॉकआउटमुळे सरावाचे दिवस कमी मिळाले होते, पिचरचा हात म्हणजे काचेचं भांडं, कर्शॉने स्वतःच निर्णय बरोबर म्हटला. पण कर्शॉला बेसबॉलमधलं काय कळतं?

सप्टेंबर मात्र जपून. हंगामाचा शेवट, रोजची गुणतक्त्याची घालमेल, आणि नेमके आपले गणपती. २०११ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला प्लेऑफच्या जागेसाठी रेड सॉक्सची नऊ सामन्यांची आघाडी होती. मग महिनाभरात सात विजय, वीस पराभव, आणि शेवटच्या रात्री संघ प्लेऑफच्या बाहेर. नंतर बातमी आली, की काही पिचर सामना चालू असताना आत बसून तळलेली कोंबडी आणि बिअर घेत होते. बॉस्टनकरांना कोण आनंद झाला! कारण मिळालं. ज्या मॅनेजर टेरी फ्रँकोनांनी २००४ मध्ये विजेतेपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला आणि २००७ मध्ये पुन्हा विजेतेपद आणलं, ते संघ सोडून गेले. कोंबडीवर मात्र अजून चर्चा होते.

अशाच एका सप्टेंबरात माझे सासरे सांगलीहून आले होते. घरात गणपती, टीव्हीचा आवाज बंद, आरतीनंतरची मंडळी मोदकांच्या ताटल्या घेऊन पडद्यासमोर. बाबांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. वीस मिनिटं शांतपणे बघून ते म्हणाले, "ह्याला आता काढा. दमलाय." मी हादरलो. चेंडू पडायच्या आत मत! पुढचा बॅटर तीन चेंडूंत बाद झाला. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मोदकावर तूप ओतून घेतलं आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी. इथवर ठीक. आता पुढचा बघा." पुढच्याने होमरन मारला. वीस वर्षांत मला जे साधलं नव्हतं ते सांगलीच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला पहिल्या दिवशी साधलं. तेव्हा तुमच्या घरात असं कुणी ज्येष्ठ असेल, तर पुस्तकांवर पैसे घालवू नका.

बोलण्यात तीन-चार शब्द पेरत चला. "स्लाइडर लटकतोय" हे कधीही चालतं. "हात खाली येतोय" हेही. बुलपेनमध्ये कोण उठलंय हे आधी ओळखून सांगितलंत तर मान वाढतो, पण ती भानगड अवघड आहे. सेंट लुईसचे मॅनेजर खुद्द टोनी ला रुसांच्या वेळी २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये स्टेडियमच्या गोंगाटात फोनवर नाव चुकीचं ऐकलं गेलं आणि टेकडीवर जेसन मॉटऐवजी लान्स लिन उगवला. ला रुसा त्याच्याकडे बघतच राहिले. ती सिरीज ते जिंकले, नाहीतर टेलिफोन कंपनीची खैर नव्हती.

हा अभ्यास कुठवर नेतो ते सांगायचं तर ३० सप्टेंबर २०२५ ची रात्र. पुन्हा यँकी स्टेडियम, पुन्हा बॉस्टन आणि न्यूयॉर्क. आणि यँकीजचे मॅनेजर कोण? तोच अ‍ॅरन बून. २००३ साली ज्याच्या बॅटने लिटल यांची नोकरी घालवली, तो २०१८ पासून स्वतःच त्या खुर्चीत बसलाय, आणि न्यूयॉर्कचे लोक त्याला रोज काढतात. यँकीज १-० ने पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर बूनने मॅक्स फ्रीडला काढलं, १०२ चेंडूंनंतर. आलेल्या ल्यूक वीव्हरला एकही जण बाद करता आला नाही आणि आघाडी गेली. पुढचे दोन सामने यँकीज जिंकले आणि बून शहाणा ठरला, पण त्या रात्री ते कुणाला ठाऊक होतं?

आमच्याकडे शेजारचे आजोबा आले होते. त्यांनी २००३ पाहिलंय. त्याची खूण म्हणजे पेड्रोचं नाव निघालं की ते खिडकीबाहेर बघतात. आठव्या इनिंगला आमचा गॅरेट क्रोशे परत टेकडीवर आला. चेंडू शंभराच्या घरात. आजोबांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. त्यांनी विचारलं, काढावा का? मी तोंडाकडे बोट दाखवलं. तोंड दाण्यांनी भरलं होतं. मग मी भुवया उंचावून तोच प्रश्न त्यांना केला. त्यांनी पिशवीत हात घातला. क्रोशेने ११७ चेंडू टाकले आणि तोवर आम्ही दोघांनी जवळपास पाऊण किलो शेंगा संपवल्या. मग नवव्या इनिंगमध्ये आमच्याच चॅपमनने एकही बाद न करता तिन्ही बेस भरून दिले, तेव्हा दुसरी पिशवी फोडली. तो सुटला, ३-१. आम्ही दोघं एकदम म्हणालो, की पिचर ठेवायचाच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

गालिचा टरफलांनी झाकून गेला होता. दारात उभी राहून बायकोने विचारलं, "हे कोण उचलणार?" लोकमान्यांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून टरफलं उचलली नाहीत, आमची तर तीही सबब नव्हती. प्रश्न मराठीत होता, पण आजोबांना तो बरोबर कळला. पडद्यावर बून पत्रकारांसमोर मान खाली घालून बसला होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.