घर न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कात आणि कर दोन्हीकडे

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला कामाला जाणारी आपली मंडळी दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात : न्यूयॉर्कने पगारातून कर कापलेला असताना न्यू जर्सीचे विवरणपत्र वेगळे कशासाठी भरायचे? महाराष्ट्रात नोकरी करताना राज्याचा म्हणून वर्षाला फार तर २५०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा. राज्याच्या प्राप्तिकराची आपल्याला सवयच नसते.

न्यू जर्सीचा रहिवासी कुठेही कमावो, त्याच्या सगळ्या उत्पन्नावर न्यू जर्सी कर लावते, आणि न्यूयॉर्कमध्ये कमावलेल्या पगारावर न्यूयॉर्कही लावते. पगारावर फक्त राहत्या राज्यानेच कर घ्यायचा असा न्यू जर्सीचा पेनसिल्व्हेनियाशी परस्पर करार आहे, न्यूयॉर्कशी नाही. म्हणून आधी न्यूयॉर्कचे आयटी-२०३ हे अनिवासींचे विवरणपत्र पूर्ण करावे आणि तिथे प्रत्यक्ष ठरलेल्या कराच्या आधारे न्यू जर्सीच्या एनजे-१०४० या रहिवाशांच्या विवरणपत्रात क्रेडिट, म्हणजे तिथल्या कराची इथल्या करातून वजावट, मागावे. पहिल्या वर्षी माझे विवरणपत्र भरून देणाऱ्याने डब्ल्यू-टूवरचा (कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगार-कराच्या दाखल्यावरचा) कापलेल्या कराचा आकडाच क्रेडिट म्हणून लिहिला, आणि आठ महिन्यांनी फरकाची रक्कम व्याजासह भरण्याचे पत्र माझ्या हाती पडले.

हे क्रेडिटही पूर्ण मिळतेच असे नाही. त्याच पगारावर न्यूयॉर्कचा कर ७००० डॉलर आणि न्यू जर्सीचा ४५०० होत असेल, तर क्रेडिट ४५०० चेच मिळते. म्हणजे वरचे २५०० आपल्या खिशातून जातात आणि न्यू जर्सीच्या तिजोरीत त्या पगारापोटी काहीच पडत नाही. न्यू जर्सीचा प्राप्तिकर राज्यघटनेनेच मालमत्ता कराचा भार हलका करण्यासाठी राखून ठेवला आहे, हे लक्षात घेतले तर घरपट्टीच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या सर्वांचा या प्रश्नाशी किती जवळचा संबंध आहे ते कळेल.

माझा खरा आक्षेप घरून केलेल्या कामाबद्दल आहे. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे, मालकाच्या गरजेपोटी नव्हे तर स्वतःच्या सोयीसाठी घरी बसून काम केले, तर तो दिवसही न्यूयॉर्कचाच धरला जातो. कनेक्टिकटमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये कायदा शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याविरुद्ध लढले, पण २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. २०२३ मध्ये न्यू जर्सीने असा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांसाठी स्वतःही तसाच नियम केला. त्यामागचा राग मला समजतो, पण अन्यायाला अन्यायाने उत्तर देऊन नोकरदाराचे काहीच भले होत नाही. माणूस ज्या राज्यात बसून काम करतो त्याच राज्याने त्या दिवसाचा कर घ्यावा, असा कायदा अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसनेच करायला हवा.

तोवर कोणत्या दिवशी कुठे काम केले याची नोंद प्रत्येकाने रोजच्या रोज ठेवावी. मी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवतो. गेल्या वर्षी शिकागोच्या ग्राहकाकडे काढलेले ११ दिवस त्या नोंदीमुळे न्यूयॉर्कच्या हिशेबातून वजा झाले. एडिसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून काम केलेले १४० दिवस मात्र वजा झाले नाहीत.