‘चूक झाली तरी कबूल करू नका’ म्हणे!

भाचीचा इंटरव्ह्यू कसा झाला म्हणून फोन केला, तर अक्काने उचलला. "जेवली नाही बघ. तूच विचार काय झालंय." भाची खानापूरहून रोज बेळगावला इंजिनिअरिंगला ये-जा करते, शेवटच्या वर्षाला आहे. बेंगळूरच्या एका कन्सल्टिंग कंपनीची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या कंपनीची, ऑनलाइन मुलाखत होती.

"एक शून्य चुकलं गं मावशी."

बरं, मग?

"कळालेलं मला. तिथंच कळालेलं."

मग बोलली नाहीस?

"ग्रुपवर आलेलं की, बोलायचं नाही म्हणून."

ग्रुपवर काय आलेलं ते वर सरकत जाऊन शोधलं. पाठवणारे आमचे दाजीच, म्हणजे तिचे वडील. ‘केस इंटरव्ह्यू जिंकण्याचे ७ सुवर्णनियम’. खाली ‘आपल्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवा’ आणि हात जोडलेले. नंतर कळलं की हे तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर, शेजारच्या वहिनींकडे, निपाणीच्या चुलतभावाकडे, सगळीकडे फिरून आलेलं आहे. मी अशाच एका कन्सल्टिंग कंपनीत सहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची तीन टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतल्या. नाहीतर फॉरवर्डला उत्तर देत बसायची हौस मला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केस इंटरव्ह्यू म्हणजे समोरचा एखाद्या धंद्याचा प्रश्न टाकतो, आणि तुम्ही अर्ध्या तासात तो कागदावर फोडून, आकडे मांडून, काय करावं ते सांगायचं. नफा का घटला, नवं उत्पादन काढावं का, अमुक गोष्ट रोज किती खपत असेल, असले प्रश्न. चूक होणारच. माझ्यासमोर अर्धा तास बसून एकही चूक न केलेला उमेदवार मला आठवत नाही.

भाचीला विचारलेलं हे: तुझ्या जिल्ह्यात पिशवीचं दूध रोज किती लिटर खपत असेल? सोपा, आणि खानापूरच्या पोरीला तर घरचाच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्हा सुमारे ४८ लाखांचा. पाचाचं एक घर धरलं की ९ लाख ६० हजार घरं. खेड्यात दारातच म्हैस असते, म्हणून पिशवी घेणारी निम्मी घरं धरली: ४ लाख ८० हजार. घरटी अर्धा लिटर. झालं, २ लाख ४० हजार लिटर. पद्धत एकदम बरोबर. फक्त तिने सुरुवातीला इंग्रजीत ४.८ मिलियन लिहिलं, आणि पुढच्या ओळीत ते ४.८ लाख झालं. एवढी वस्ती तर नुसत्या बेळगाव शहराची! अख्खा जिल्हा, अथणीपासून खानापूरपर्यंत, शहराच्या हद्दीत कोंबला गेला आणि उत्तर आलं २४ हजार लिटर. दोन-तीन टँकरात जिल्ह्याचा चहा.

आता नियम.

पहिला: ‘एक चूक म्हणजे थेट बाद.’ दुसरा: ‘म्हणून चूक लक्षात आली तरी कबूल करू नका, आत्मविश्वासाने पुढे चला, समोरच्याच्या ध्यानात येत नाही.’ सगळं विष या जोडीत आहे, म्हणून इथेच जास्त वेळ घालवणार आहे.

ध्यानात येत नाही? अहो, समोरच्याने तीच केस त्या आठवड्यात दहा जणांना घातलेली असते. कुठल्या वळणावर कोण घसरतं हे त्याला पाठ असतं. आकड्यांची केस असेल तर उत्तराचा कागद त्याच्या हाताखाली असतो. दुधाचा प्रश्न असेल तर नेमकं उत्तर नसतं, पण दसपट कमी-जास्त झालेलं कोणालाही दिसतं. आणि तो काय करतो? भाचीच्या मुलाखतकाराने जे केलं तेच. तो म्हणाला, "हा आकडा तुम्हाला पटतो का?" हा सापळा नसतो, ही विहिरीत सोडलेली दोरी असते. मी स्वतः कितीतरी वेळा सोडली आहे. ज्याला घ्यायची इच्छाच नाही त्याला हा प्रश्न कशाला विचारू? आभार मानून पुढच्याला बोलावीन.

भाचीने दोरी बघितली. दुसरा नियम आठवला. म्हणाली, "हो सर, पटतो." त्याने परत विचारलं, "दोन-तीन टँकरात जिल्हा भागेल?" ही म्हणाली, "शहरी खप धरलाय सर." म्हणजे चुकीवर पांघरूण घालायला एक नवीन खोटं कारण. पुढची वीस मिनिटं ती त्या २४ हजारांवरच इमारत चढवत गेली, आणि मनात सगळा वेळ ते एक शून्य. पुढचे दोन प्रश्नही नीट ऐकू आले नाहीत म्हणाली. निकाल अजून यायचाय. येईल तो येईल, पण त्या वीस मिनिटांचा राग मला दाजींवर नाही, या मेसेजवर आहे.

आमचे आप्पा रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीत, आकडा चुकला तर त्यांची एकच रीत: चुकलेल्यावर सरळ एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. ब्लेडने खरवडलेलं पान मालकाने पाहिलं की चूक दहा रुपयांची असो नाहीतर दहा पैशांची, अख्ख्या वहीवरचा विश्वास उडायचा. मालकाला दिवाणजीचं गणित पक्कं आहे का याची फिकीर नव्हती, ते तो स्वतः करत असे. वही खरी आहे का एवढंच त्याला बघायचं होतं. कन्सल्टिंगमध्ये याहून वेगळं काही नाही. तुमचा आकडा उद्या एखाद्या कारखान्याच्या मालकासमोर जाणार, त्यावर तो मशीन घेणार किंवा माणसं कमी करणार. पहिल्याच वर्षी माझी एक एक्सेलची बेरीज चुकली होती, एक ओळ गाळली गेली होती. रात्री अकराला मॅनेजरला फोन केला. त्याने मला झाडलं, भरपूर झाडलं, आणि सकाळपर्यंत आम्ही ते दुरुस्त केलं. सकाळी क्लायंटसमोर कळलं असतं तर झाडायलाही कोणी शिल्लक राहिलं नसतं.

चूक सांगायची म्हणजे गयावया करायची नाही, हेही सांगते. ‘सॉरी सॉरी सर, मी खूप नर्व्हस आहे’ हे चार वेळा ऐकलं की समोरचाही कंटाळतो. तीन गोष्टी बोलायच्या: कुठे चुकलं, बरोबर काय, आणि त्याने निष्कर्ष बदलतो का. तिसरी बहुतेक जण विसरतात, आणि खरी कसोटी तीच असते.

या तिसऱ्या गोष्टीचं वजन बघायचं तर मॅकिन्झी या बड्या कन्सल्टिंग कंपनीने आपल्या संकेतस्थळावर पूर्वी सरावासाठी फुकट ठेवलेली इलेक्ट्रो-लाइट नावाची केस घ्या. एका थंडपेयाच्या कंपनीला नवं पेय काढायचंय. स्थिर खर्च ४ कोटी डॉलर. बाटली दुकानदाराला २ डॉलरला जाते, बनवून पोहोचवायला १ डॉलर ९० सेंट लागतात. म्हणजे बाटलीमागे सुटतात १० सेंट, आणि खर्च भरून यायला ४० कोटी बाटल्या खपायला हव्यात. बाटली १६ औंसांची, गॅलन १२८ औंसांचा, म्हणून ५ कोटी गॅलन. असल्या पेयांचा तिथला बाजार ४० कोटी गॅलनांचा. नुसता खर्च निघायलाच बाजाराचा साडेबारा टक्के हिस्सा हवा. आता १० सेंटांचा तुमच्या हातून एक डॉलर झाला असं धरा. हिस्सा येतो सव्वा टक्का. साडेबारा टक्के म्हटल्यावर नवख्या पेयाला घाम फुटतो, सव्वा टक्क्याला कोणीही म्हणेल, काढा उद्या. एका शून्याने सल्लाच उलटा झाला. आणि मेसेज सांगतो की हे झाकून पुढे चला!

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. पहिल्या नियमात राईएवढं तथ्य आहे. आकडे मोजले जातात, नाही असं नाही. एकच चूक तीनदा झाली, किंवा दरवेळी समोरच्यानेच दाखवून द्यावी लागली, तर मीही नकार लिहिला आहे. आणि काही मुलाखतकार खरोखर खडूस असतात, पहिल्या चुकीनंतर त्यांचा चेहरा दगडाचा होतो. पण त्यांच्यापुढेसुद्धा लपवून काही पदरात पडत नाही.

तिसरा नियम, दहा सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिलात तर संपलं. बकवास. ‘एक मिनिट घेऊन मांडणी करते’ असं सांगून गप्प बसायची रीतच आहे. न सांगता गप्प बसू नका, एवढंच.

पाचवा, साचे पाठ करा म्हणजे चूक होणारच नाही. साचा पाठ असलेली मुलं मी लांबून ओळखत असे. दुधाच्या प्रश्नात म्हैस कुठल्या साच्यात बसते ते मला दाखवा.

चौथा मात्र असा सोडवत नाही. ‘मातृभाषेत विचार करणारी मुलं हिशोबात चुकतात, विचारसुद्धा इंग्रजीतच करा.’ हे आमच्या बेळगावात पाठवायचं? इथे भाजीवाली कन्नडमध्ये भाव करते, मराठीत बेरीज करते आणि उर्दूत गिऱ्हाइकाशी भांडते, तिचा कधी एक रुपया इकडचा तिकडे झालेला मी पाहिला नाही. भाचीचं शून्य मराठीमुळे गेलं नाही, मिलियनमधून लाखात उडी मारताना गेलं. त्या उडीत कॉन्व्हेंटमधली, घरी इंग्रजी बोलणारी मुलंही तशीच पडतात, कारण पेपरात आपण सगळेच लाख-कोटी वाचतो. दहा लाखांचा एक मिलियन, शंभर कोटींचा एक बिलियन, हे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. नाहीतर सुरुवातीलाच विचारा, ‘लाख-कोटीत बोललं तर चालेल ना?’ भारतात बसलेल्या मुलाखतकाराने नको म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आणि मातृभाषेचंच म्हणाल, तर आमच्या आजीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. १६ औंस हा गॅलनचा आठवा हिस्सा, म्हणजे पावाचा निम्मा, हे तिला कागदाशिवाय जमलं असतं. शाळा दुसरीपर्यंत.

सातवा नियम सगळ्यात हुशार दिसतो: ‘हार्वर्डच्या संशोधनानुसार मुद्दाम एक छोटी चूक करा, तुम्ही जास्त आवडाल.’ म्हणजे पहिल्या नियमात चुकलात तर बाद, सातव्यात मुद्दाम चुका. लिहिणाऱ्याने निदान एकदा वाचून तरी बघायचं. मूळ प्रयोग खरा आहे, पण हार्वर्डचा नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट आरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तो छापला, प्रयोगातले विद्यार्थी मिनेसोटा विद्यापीठाचे. त्यांना प्रश्नमंजुषेच्या उमेदवारांच्या टेप ऐकवल्या. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्याने शेवटी अंगावर कॉफी सांडली तर तो जास्त आवडला. ३० टक्के बरोबर देणाऱ्याने सांडली तर तो होता त्याहून कमी आवडला. हा अर्धा भाग मेसेजमधून गायब. शिवाय चूक कॉफीची होती, गणिताची नाही.

राहिला सहावा: ‘चूक राहून गेली असेल तर रात्री मेल करून दुरुस्त उत्तर पाठवा, कंपनीला चिकाटी दिसते.’ चिकाटी नाही, कटकट दिसते. मुलाखत संपली की उत्तर संपलं. आभाराचा दोन ओळींचा मेल पाठवला तर ठीक. पण कळालेलं असताना तिथे गप्प बसायचं आणि घरी येऊन रात्री साडेअकराला खुलासा पाठवायचा, याला काय म्हणावं?

भाचीने तो मेल लिहून ठेवला होता. पाठवायच्या आधी मला दाखव म्हटलं. "मी लोकसंख्या ४८ लाखांऐवजी ४.८ लाख धरली. त्यामुळे उत्तर दसपट वाढून २ लाख ४० हजार लिटर येते. घरांची आणि खपाची मांडणी तीच राहते. आधी दोन-तीन टँकर म्हटले होते, आता वीसेक टँकर लागतील, म्हणून वाहतुकीचा विचार नव्याने करावा लागेल."

पाठवू नको म्हटलं. मग म्हटलं, मोठ्याने वाच, मी घड्याळ लावते.

अठरा सेकंद लागले.