20 वॅट, 180 व्होल्टला

मालवण-कुडाळ पट्ट्यात ज्यांनी डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, ऐकली आहे त्यांनी काकांचं काम ऐकलेलं आहे. नाव माहीत असायचं कारण नाही, कारण आपण बनवलेल्या मशीनवर, म्हणजे माईकचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर, त्यांनी कधी नाव घातलंच नाही. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, पुढे दोन बटणं, माईकचं सॉकेट आणि ब्रशने रंगवलेली एक ओळ: "20 वॅट, 180 व्होल्टला". बस्स. काका गेले. घरच्यांना गाजावाजा नको आहे म्हणून मीही नाव-गाव लिहीत नाही. पण त्यांच्या कामावर कुणीतरी लिहायलाच हवं. नाहीतर "रेडिओ दुरुस्त करायचे" एवढ्यावर विषय संपेल, आणि ते मला पटणारं नाही.

त्या ओळीतला 180 चा आकडा बघा. कंपन्या आपला वॅट मोजतात तो पूर्ण 230 व्होल्टवर. आपल्याकडे चतुर्थीच्या दिवसांत घराघरांत माळा पेटलेल्या असताना वाडीच्या शेवटच्या खांबावर 180 मिळाले तरी नशीब. साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या मशीनची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते. 230 चे 180 झाले की शंभरातले साठच वॅट हातात राहतात. नेमका तेव्हाच बुवांनी गजर चढवलेला असतो आणि आवाज फाटतो. काका हिशोब सुरूच करायचे पडलेल्या व्होल्टेजपासून आणि तिथून मागे येत ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. पूर्ण व्होल्टेज मिळालं तर तेच मशीन तीसच्या वर जायचं. ते मात्र डब्यावर लिहायचे नाहीत. "ता फुकट," म्हणायचे.

हे सगळं त्या काळात, जेव्हा प्रत्येक टेपरेकॉर्डरवर "1000 वॅट पीएमपीओ" छापलेलं असायचं. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती, ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. मुंबईहून कुणी चाकरमानी असा सेट घेऊन आला की काका तो उलटा करून मागची पट्टी वाचायचे. तिथे बारीक अक्षरात वीज किती लागते ते दिलेलं असायचं. "चाळीस खाता नि हजार देता? मगे गोठ्यात बांधा ह्येका."

आणि वॅटचं वेड किती फोल आहे ते त्यांच्याकडूनच कळलं. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट चांगला भोंगा एका वॅटला एक मीटरवर 105 डेसिबलच्या आसपास देतो आणि साधा स्पीकर 90 च्या आसपास. हा फरक नुसत्या वॅटने भरून काढायचा तर तीसपट मोठं मशीन हवं. म्हणून कुणी "मोठं मशीन द्या" म्हणत आला की काकांचा पहिला प्रश्न असायचा, स्पीकर कुठला? अर्थात भोंग्यातून पखवाजाची कणकेची बाजू येत नाही, खालचा आवाज त्यात उरतच नाही. त्यावर त्यांचा तोडगा ठरलेला: भोंगे फक्त बुवांच्या गळ्यासाठी, आणि पखवाजासाठी मंडपात 12 इंची स्पीकरची लाकडी पेटी, तिला वेगळं मशीन. मोठ्या कॉन्सर्टमध्ये आज हेच करतात. आमच्याकडे ते मांगराच्या पडवीत बसून एक माणूस करत होता.

सर्किट ते शिकले झेरॉक्सवरून. जॉन लिन्स्ली हूड या इंग्रज डिझायनरने एप्रिल 1969 च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका चॅनेलला चारच ट्रान्झिस्टरचा, 10 वॅटचा क्लास-ए अ‍ॅम्प्लिफायर छापला होता. हूड 2004 साली गेले, पण त्यांचं ते सर्किट जगभरचे हौशी लोक अजूनही बनवतात. काकांकडची प्रत घडीवर फाटून मागून सेलोटेपने जोडलेली होती. आठ ओमच्या स्पीकरसाठी त्या सर्किटला 27 व्होल्ट आणि 1.2 अँपिअर लागतात, आणि तेही सतत, गाणं चालू असो वा नसो. म्हणजे 32 वॅट जाळायचे तेव्हा 10 वॅटचा आवाज, स्टिरिओ केला तर याच्या दुप्पट. घरचं ऐकायचं मशीन त्यांनी तसंच केलं होतं. मे महिन्यात त्याला हात लावायचा नाही. पावसात मात्र रोज संध्याकाळी चालू, कारण तापलेल्या डब्यावर ओल धरत नाही.

भजनाच्या मशीनला ही चैन परवडणारी नव्हती. तिथे क्लास-एबी, म्हणजे आवाजाच्या मानाने वीज खाणारी पद्धत, आणि स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना 2एन3055 हाच ट्रान्झिस्टर, कारण त्याच्या जोडीचा, उलट्या प्रकारचा (पीएनपी) चांगला ट्रान्झिस्टर मिळायला कठीण आणि महाग. नव्या पाकिटातला एक 3055 ते करवतीने कापून उघडायचे. टोपी उडाली की आतली चिप दिसते. नकली मालात ती निम्मीही नसते, बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात. एक वाया गेल्याची खंत नाही. सगळं पाकीट परत.

खाऱ्या हवेशी त्यांचं कायमचं वैर. किनाऱ्यावरच्या घरांत दोन पावसाळ्यांत पीसीबीच्या, म्हणजे सर्किटच्या पट्टीच्या, तांब्यावर हिरवा थर चढतो. म्हणून सोल्डर झालं की व्हार्निशचे दोन हात, स्क्रू पितळी. आणि झाकणाच्या आतून सर्किटचा कागद चिकटवलेला, कुठल्या टोकाला किती व्होल्ट यायला हवेत ते लाल बॉलपेनने लिहिलेलं. माझ्या मते काकांचं सगळ्यात मोठं काम हा कागद आहे. लोक सर्किट लपवतात, आयसीवरचे नंबर घासून काढतात. यांनी मात्र आपल्या पश्चात कुठल्याही पोराला मीटर घेऊन बसता येईल अशी सोय करून ठेवली.

गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच लिहायचं, हे मला जमत नाही. काका वेळेचे भयंकर कच्चे. चतुर्थीला सांगितलेलं मशीन शिमग्याला मिळायचं. पैसे मागायची लाज, आणि न मिळाले की चिडचिड. आणि क्लास-डी या अ‍ॅम्प्लिफायरच्या वेगळ्या पद्धतीचं नाव काढलं की पाठ फिरवायचे. यावर आमचे वाद व्हायचे. खाल्लेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचवणारी ही पद्धत आमच्यासारख्या भागात, जिथे ऐन आरतीत लाईट जाते आणि बॅटरीवर भागवावं लागतं, तिथे वरदान आहे. त्यांनी मनावर घेतलं असतं तर बाजारातल्या बोर्डांपेक्षा चांगला बोर्ड बनवला असता. नाही घेतलं. हट्टी माणूस.

आता मंडळांनी रॅकच्या रॅक आणलेत. छातीत धडधडतं, पण अभंगाचा एक शब्द कळत नाही. एका ठिकाणी काकांची मशीनं भंगारात वजनावर गेल्याचं ऐकलं. तांब्याचा भाव आला म्हणे.

तर विनंती अशी. तुमच्या मंडळाच्या माळ्यावर, देवळाच्या खोलीत तो करडा डबा असेल तर विकू नका. झाकण काढून आतल्या कागदाचा सरळ, स्पष्ट फोटो मला पाठवा. प्रत्येक मशीन थोडं वेगळं आहे, सगळे कागद एकत्र करायचे आहेत. स्क्रू पितळेचे आहेत, जोर लावून आटे घालवू नका. आणि उघडण्याआधी पिन काढून थोडा वेळ थांबा. आतले कंडेन्सर मोठे आहेत, चार्ज धरून बसतात.