पडलेलं लाकूड, निळा भुंगेरा आणि गव्हाएवढं बोंड

युरोपातल्या जंगलांचे फोटो लावून एक मजकूर सगळीकडे फिरतोय: मेलेलं लाकूड पोखरणारे भुंगेरे आणि ते कुजवणारं शेवाळ या दोन्ही जंगलाच्या किडी, पडलेली झाडं उचलली की जंगल निरोगी, आणि निसर्गप्रेमींसाठी एखादा ओंडका ठेवला तरी पुरे. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी भुंगेरा. राखी-निळं अंग, काळे ठिपके, अंगाहून लांब मिशा आणि मिशांच्या पेरांवर काळे झुबके, असा हा रोझालिया आल्पिना. त्याच्या अळ्या प्रामुख्याने मेलेल्या बीचच्या (युरोपातलं एक पानगळी झाड) लाकडात साधारण तीन वर्षं वाढतात. धडधाकट झाडाच्या वाटेला त्या जात नाहीत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं वाळवणारा इप्स टायपोग्राफस हा भुंगेरा वेगळा. तो जेमतेम पाच मिलिमीटरचा, आणि त्याला ताज्या सालीचा आतला थर लागतो. साल गळून पडलेला जुना ओंडका त्याच्या काहीच कामाचा नाही.

शेवाळ लाकूड कुजवतं, हे तर उघड चूक. कुजवते बुरशी. बक्सबाउमिया विरिडिस हे मॉस, म्हणजे या मजकुरातलं शेवाळ, नंतर येतं, लाकूड मऊ झाल्यावर. त्याला पानं जवळजवळ नसतातच. गुडघे टेकून पाहिलं तरच सेंटिमीटरभर देठावरचं तिरकं, हिरवं, गव्हाच्या दाण्याएवढं, बीजाणूंचं बोंड दिसतं. बिनशंखी गोगलगाई ते खाऊन टाकतात, मग नुसता देठ उरतो.

राहिला एका ओंडक्याचा मुद्दा, आणि सगळ्यात घातक हाच. भुंगेऱ्याला हवं उन्हात तापलेलं, फारसं न कुजलेलं बीच, शक्यतो उभं वठलेलं. मॉसला हवा सावलीतला, ओलसर, बोटाने दाबला जाईल इतका कुजलेला स्प्रूस किंवा फर (हेही सूचिपर्णी झाड). पडलेलं जाड झाड तिथवर पोचायला कित्येक वर्षं लागतात. एका ओंडक्यावर दोघांचं भागेल कसं?

युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशाने, म्हणजे दुर्मिळ जीव आणि त्यांच्या जागा जपण्याच्या कायद्याने, दोघांनाही संरक्षण दिलंय, ते उगाच नाही. पोलंडने इप्सचं कारण पुढे करून बियालोविएझाच्या जंगलात तोड वाढवली, तेव्हा 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली.

आणि लाकूड उचलायचंच असेल, तर कधी उचलता ते पाहा. उन्हाळ्यात रचून ठेवलेल्या ताज्या बीचच्या ढिगावर रोझालियाच्या माद्या अंडी घालतात, आणि तो ढीग पुढे चुलीत जातो. कापलेलं बीच जूनच्या आत जंगलाबाहेर न्यावं, नाहीतर तिथेच राहू द्यावं.