दगड करवत कापत नाही, वाळू कापते

एक जुनं कोरीव चित्र सध्या खूप फिरतं आहे. लोखंडी चौकटीत एकाशेजारी एक अशी दहा-बारा पाती ताणून बसवलेली, खाली संगमरवराचा मोठा ठोकळा, बाजूला चाक आणि पट्टा. चित्र खरं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत दगड चिरायला अशीच यंत्रं वापरत. खालच्या मजकुरातलं मात्र जवळजवळ काहीच खरं नाही.

त्या मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. करवतीनं दगड चिरणं माणसाला पहिल्यांदा जमलं ते एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या इंजिनामुळे. या यंत्राला कठीण पोलादाचे दाते होते; त्यांच्याशिवाय कठीण दगड कापणं अशक्य. इजिप्तच्या लोकांकडे तांबंच होतं, तेव्हा गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधल्या ग्रॅनाइटच्या पेटीवर दिसणाऱ्या करवतीच्या खुणा कुठल्यातरी हरवलेल्या यंत्राच्याच असणार. वेरूळचं कैलास लेणंही छिन्नी-हातोड्याचं काम नव्हे. आणि शेवटी, या यंत्रानं पाथरवटांचा धंदा एका रात्रीत बुडवला.

हे वाचून मला राग आला. ज्यांनी आयुष्यभर हातानं दगड घडवला त्यांचं श्रेय यात सरळ काढून घेतलं आहे, आणि ज्या यंत्राचं कौतुक चाललं आहे ते यंत्रही लिहिणाऱ्याला समजलेलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात दात्यांपासून, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

"कठीण पोलादाच्या दात्यांनी दगड कापला"

ते चित्र मोठं करून बघा. पात्यांना दाते नाहीतच. संगमरवर आणि ग्रॅनाइट चिरणाऱ्या त्या चौकटीतली पाती म्हणजे मऊ लोखंडाच्या सपाट पट्ट्या असत. चौकट वरून दांड्यांना टांगलेली आणि क्रँकनं, म्हणजे फिरत्या चाकाला जोडलेल्या दांड्यानं, पुढे-मागे झुलणारी. पाती ठोकळ्यावर टेकलेली, आणि वरून सतत वाळू आणि पाणी सोडलेलं. दगड झिजवते ती वाळू. पात्याचं काम फक्त वाळूच्या कणांना दाबून धरायचं आणि ओढत न्यायचं.

लोखंड मऊ हवं यालाही कारण आहे. मऊ धातूत कण थोडा रुततो आणि पात्याबरोबर ओढला जातो. पातं फार कठीण असेल तर कण त्याच्याखालून घसरतात आणि नुसते घरंगळतात. चौकट टांगलेली ठेवण्यातही हुशारी होती. ती पाळण्यासारखी झुलते, त्यामुळे प्रत्येक फेरीच्या टोकाला पातं दगडावरून किंचित उचललं जातं आणि त्या क्षणाला ताजी वाळू खाली शिरते. पातं सारखं टेकून राहिलं असतं तर खाचेत वाळू पोचलीच नसती आणि लोखंड दगडावर नुसतं घासत बसलं असतं. या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. कुठल्यातरी कारागिरानं वाळूची अडचण ओळखून झोक्यानं ती सोडवली.

कठीणपणाचा हिशेब मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं 1812 मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर करता येतो. संगमरवर 3, तांबंही साधारण 3, लोखंड 4-5, ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार 6, आणि साध्या वाळूतलं क्वार्ट्झ 7. म्हणजे ग्रॅनाइटपुढे लोखंडही मऊच आहे. पातं तांब्याचं की लोखंडाचं, यानं पातं किती लवकर झिजतं ते ठरतं. दगड कापला जाईल की नाही ते वाळू ठरवते. वाळूऐवजी कुरुंद घेतला, ज्याचा आकडा 9 आहे, तर काम आणखी वेगानं होतं. इंग्रजीतला या खनिजासाठीचा शब्दही दक्षिण भारतातल्या याच शब्दावरून गेला आहे.

मग दात्यांची करवत नव्हतीच का? होती. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथजवळच्या खाणीतून हंटर यांची गोल करवत आली. तिच्या कडेला बदलता येणारे पोलादी दाते बसवलेले असत. पण ती चालली मऊ वालुकाश्मावर आणि वेल्समधल्या पाटीच्या दगडावर. आपल्या कोकणात चिरेखाणींवर गोल पात्याचं यंत्र जांभ्यात कसं सरसर उतरतं ते अनेकांनी पाहिलं असेल. जांभा मऊ असतो म्हणून ते जमतं. तोच न्याय ग्रॅनाइटला लावता येत नाही, आणि चित्रातलं यंत्र तर दात्यांचं नाहीच.

"वाफ आली तेव्हा दगड चिरणं आलं"

आधी जवळची उदाहरणं. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळ विल्यम कोल्स यांनी 1730 च्या दशकात नदीच्या पाण्यावर संगमरवर चिरण्याची गिरणी चालवली. इंग्लंडात डर्बीशायरमधल्या अ‍ॅशफर्डला हेन्री वॉटसन यांनी 1748 मध्ये तिथल्या काळ्या दगडासाठी तसंच पाणचक्कीवरचं यंत्र उभारलं. दोन्ही ठिकाणी वाफेचा पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकात शिरल्यावरही अमेरिकेत व्हरमाँटमधल्या संगमरवराच्या गिरण्या ओढ्या-नद्यांच्या पाण्यावरच सुरू झाल्या.

आता बरंच मागे जाऊ. तुर्कस्तानात आज पामुक्कले म्हणतात तिथे हिएरापोलिस हे जुनं शहर होतं. तिथल्या अम्मियानोस नावाच्या माणसाच्या शवपेटीवर एक शिल्प कोरलेलं आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं. त्यात एक पाणचक्की आहे, तिच्यापासून दात्यांच्या चाकांची जोडणी निघते, आणि पुढे दांडे दोन चौकटींच्या करवती पुढे-मागे ओढतात. दोन्ही करवतींखाली दगडाचे ठोकळे आहेत. चाकाची गोल फिरती हालचाल दांड्यानं सरळ हालचालीत बदलणं, हीच तर चित्रातल्या यंत्राची मुख्य युक्ती. ती सोळाशे-सतराशे वर्षं आधी एका माणसानं अभिमानानं स्वतःच्या शवपेटीवर कोरून घेतली.

शिल्प हा कल्पनेचा खेळ असेल असं कुणी म्हणेल, तर जॉर्डनमधलं जेराश पाहावं. तिथे आर्टेमिसच्या देवळाच्या आवारात सहाव्या शतकातल्या अशा गिरणीची जागा सापडली आहे, आणि तिथेच अर्धवट चिरलेले खांबांचे तुकडे पडून आहेत. प्रत्येकात शेजारी-शेजारी समांतर खाचा, म्हणजे एकाच चौकटीत अनेक पाती. चौथ्या शतकातला रोमन कवी ऑसोनियसही आजच्या जर्मनीतल्या एका छोट्या नदीचं वर्णन करताना संगमरवर चिरणाऱ्या करवतींचा कर्कश आवाज नोंदवतो.

पण या सगळ्यांहून मोलाचा साक्षीदार म्हणजे प्लिनी. हा रोमन लेखक इसवी सन 79 मध्ये वारला. त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की संगमरवर लोखंडानं कापला जातो असं दिसतं, पण खरं काम वाळू करते. वाळू जाड असेल तर खाच रुंद पडते आणि दगड वाया जातो, हेही त्याला ठाऊक होतं. चांगली वाळू इथिओपियाहून आणि थेट भारतातूनही मागवतात, अशी तक्रारही त्यानं केली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या कुणा श्रीमंताच्या भिंतीवरच्या फरश्या चिरायला कदाचित आपल्याकडची वाळू गेली असेल. फिरणाऱ्या मजकुरात जी चूक आहे, ती प्लिनीनं आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

एकोणिसाव्या शतकात नवं काय घडलं, तेही सांगायला हवं, कारण त्या शतकाचं श्रेय मला कमी करायचं नाही. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये अलेक्झांडर मॅकडोनल्ड यांनी 1830 च्या दशकात वाफेच्या जोरावर ग्रॅनाइट चिरायला आणि घोटायला सुरुवात केली. वाळूनं ग्रॅनाइट चिरणं फार संथ होतं. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 च्या दशकात वाळूऐवजी एकदम गार करून कडक केलेल्या लोखंडाचे बारीक छर्रे वापरले आणि वेग बराच वाढला. 1885 च्या सुमाराला फ्रान्समध्ये पोलेँ गे यांची तारेची करवत आली: तीन तारांचा पीळ, शेकडो मीटर लांब, पुलींवरून अखंड फिरणारा. तारेच्या पिळातल्या खाचा वाळू-पाणी सोबत घेऊन जात. 1890 च्या दशकात ती इटलीत काराराच्या खाणींत पोचली आणि मग सुरुंगानं डोंगर फोडून संगमरवराचा चुरा करायची गरज कमी होत गेली. या खऱ्या मोठ्या सुधारणा आहेत. पण वाळू असो, छर्रे असोत की तार, तत्त्व एकच: कठीण कण, पाणी आणि सतत घासणं.

"तांब्यानं ग्रॅनाइट कापणं अशक्य, म्हणून हरवलेलं यंत्र"

वरचा हिशेब वाचल्यावर याला फार उत्तर लागू नये, पण ही पेटी इतकी सुंदर साक्षीदार आहे की थोडं थांबतो.

इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1880 ते 1882 मध्ये गिझाची मोजणी केली. खुफू राजाच्या, म्हणजे त्याच मोठ्या पिरॅमिडमधल्या ग्रॅनाइटच्या पेटीवरच्या करवतीच्या खुणा त्यांनीच बारकाईनं नोंदवल्या. मजकूर लिहिणारे पेट्रींचं नाव आदरानं घेतात, कारण पात्यात रत्नांचे खडे बसवलेले असावेत असा त्यांचा अंदाज होता. मला वाटतं त्या अंदाजावर त्यांच्या काळाची छाप आहे. हिरे बसवलेली, खडकात भोकं पाडणारी यंत्रं 1860 च्या दशकात नुकतीच आली होती. पुढे इजिप्तच्या जुन्या साहित्याचा अभ्यास करणारे आल्फ्रेड लूकस यांनी सुट्या वाळूचा पक्ष मांडला. आणि डेनिस स्टॉक्स यांनी तर तांब्याची सपाट, बिनदात्यांची पाती आणि वाळू घेऊन अस्वानच्या ग्रॅनाइटमध्ये प्रत्यक्ष खाचा पाडून दाखवल्या. तांबं भरपूर झिजलं, माणसं थकली, वेग गोगलगाईचा होता, पण ग्रॅनाइट कापला गेला. जुन्या खाचांत काही ठिकाणी तांब्यानं हिरवी झालेली वाळूही सापडली आहे.

पेट्रींनीच नोंदवलेली आणखी एक गोष्ट मजकुरात सोयीनं गाळली आहे. पेटीच्या उत्तरेकडच्या बाजूला करवत चुकून आत गेली. कारागिरांनी ती मागे घेतली, पुन्हा सुरुवात केली, ती पुन्हा जास्तच आत गेली, आणि साधारण दोन इंच खाली त्यांना दुसऱ्यांदा माघार घ्यावी लागली. दोन्ही चुका दगडावर आजही आहेत. दोन्ही बाजूंनी माणसं लांब पातं ओढतायत, पातं वाकडं उतरतंय, कुणीतरी ओरडून थांबवतंय, हे सगळं त्या दोन खुणांत दिसतं. ज्यांच्याकडे सगळं अचूक कापणारं यंत्र आहे, ते राजाच्या पेटीवर अशी चूक दोनदा कशाला करतील?

आणि गंमत नव्हे, खरंच हृद्य गोष्ट: अ‍ॅबर्डीनच्या त्या मॅकडोनल्डना ग्रॅनाइट घोटण्याची प्रेरणा मिळाली ती ब्रिटिश म्युझियममधल्या इजिप्शियन ग्रॅनाइटच्या वस्तू पाहून, असं सांगतात. ज्या यंत्राला पुढे करून इजिप्तच्या कारागिरांना अपात्र ठरवलं जातंय, ते वाफेवर चालवून ग्रॅनाइट चिरणारा माणूस त्याच कारागिरांपुढे नतमस्तक झाला होता.

"पाथरवटांचा धंदा एका रात्रीत बुडाला"

नाही. चौकटीची करवत संगमरवरातही तासाला जेमतेम एखाद-दुसरा इंच खाली उतरे, आणि तिनं फक्त सपाट फरशी मिळे. खाण फोडणं, ठोकळा सरळ करणं, कोरीव काम, अक्षरं, सगळं हातानंच चालू राहिलं. यंत्रामुळे ग्रॅनाइट स्वस्त झाल्यावर अ‍ॅबर्डीनमध्ये कारागीर वाढले, आणि त्यातले कित्येक पुढे व्हरमाँटमधल्या बॅरीला गेले. त्या लोकांना यंत्रानं खरंच मारलं, पण ते यंत्र करवत नव्हतं. हवेच्या दाबावर चालणारी कोरड्या कामाची हत्यारं आली आणि त्यांच्या धुळीनं फुफ्फुसं दगडासारखी झाली. करवत पाण्यात चालायची, म्हणून तिची धूळ चिखल होऊन वाहून जायची.

"कैलास छिन्नी-हातोड्याचं काम नव्हे"

हा मुद्दा शेवटी ठेवला, कारण तो आपल्या दाराशी आहे.

आधी करवतीची मर्यादा पाहा. चौकटीच्या करवतीला दगड दोन्ही बाजूंनी मोकळा लागतो, कारण पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जायला हवं. कैलास हे डोंगरात वरून खाली सुमारे 100 फूट उतरत गेलेलं काम आहे, तिन्ही बाजूंना अखंड कडा. तिथे अशी करवत चालवायला जागाच नाही. मग त्या चित्राचा कैलासाशी संबंध काय?

4 लाख टन दगड 18 वर्षांत काढला, म्हणजे दर तासाला इतके टन, असा गुणाकार मजकुरात आहे. 18 वर्षं हा आकडा कुठल्याही शिलालेखात किंवा ताम्रपटात नाही. ताम्रपटातून कळतं ते एवढंच की राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानं एलापूरला, म्हणजे वेरूळला, अद्भुत देऊळ करवलं. त्याचं राज्य आठव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकातलं. आवारातली सगळी लेणी एकाच राजाच्या काळात पुरी झाली असंही अभ्यासक मानत नाहीत. ज्या गुणाकारातला एक आकडाच कल्पित आहे, त्याच्या उत्तरावर काय विश्वास ठेवायचा?

शिवाय दगड बाहेर काढायला तो चिरावा लागत नाही, फोडावा लागतो. समांतर चर खणायचे, मधल्या भिंती पहारीनं आणि पाचरीनं उडवायच्या, आणि शेवटचा थर टाकीनं हलक्या हातानं काढायचा. ही रीत अंदाजानं सांगत नाही. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकात अर्धवट सुटलं. तिथे काही खांब नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत, आणि कातळ कसा टप्प्याटप्प्यानं काढत होते ते जसंच्या तसं राहिलं आहे. आणि वेरूळला गेलात तर कैलासाच्या मागच्या कड्यावर, ऊन तिरकं असताना, जवळून नजर टाका. टाकीच्या तिरप्या रेघा एकमेकींशेजारी उतरत गेलेल्या दिसतील, कुठे हात जोरात पडलेला, कुठे हलका.