सात्त्विक लिपस्टिक कशी निवडावी

लिपस्टिक घ्या, हायलायटर घ्या, पण आधी ब्रँडचं चारित्र्य तपासून घ्या. फार वेळ लागत नाही. डबी उघडायचीही गरज नाही.

आधी खोका बघा. तपकिरी, खरखरीत, वर सुतळीची गाठ आणि कोपऱ्यात हिरवं पान असेल तर अर्धं काम झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असल्या शब्दांना पुरावा मागितला. नुसती रंगसंगती आणि चित्रं मात्र, त्यांनी कुणाची फसवणूक होत नसेल तोवर, या नियमांतून सुटली आहेत. म्हणजे शब्दाला कागद दाखवावा लागतो, पानाला नाही. तेव्हा पानावर विसंबा.

मग ससा शोधा, म्हणजे ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं सांगणारं सशाचं चिन्ह. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी 2014 पासून बंद आहे, तसा माल आयात करायलाही त्याच वर्षी बंदी आली, हे ससा दिसल्यावर आठवू नका. रिक्षावाल्याने मागे ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ असं रंगवलं म्हणून आपण जादा भाडं देत नाही; सशासाठी देतो. काही ससे, म्हणजे ते चिन्ह देणाऱ्या संस्था, खरंच कच्चा माल पुरवणाऱ्यापर्यंत हिशेब मागतात. पण तो ससा कोणता आणि कंपनीच्या डिझायनरने काढलेला कोणता, हे बघत बसलात तर सेल संपेल.

‘प्लास्टिक न्यूट्रल’ लिहिलं असेल तर हात जोडा. आपण विकलं तेवढं प्लास्टिक कंपनीने कुठूनतरी गोळा करवलं, एवढाच त्याचा अर्थ. तुमची डबी तुमच्याच गावच्या कचरा डेपोवर राहील. विकलेल्या वेष्टनाची जबाबदारी 2022 च्या नियमांनी कंपन्यांवर टाकलेलीच आहे, पण कायदा पाळणाऱ्याचं कौतुक कुणीतरी करायला हवं ना!

आता चमक. घटकांची यादी वाचू नका; वाचलीतच तर ‘मायका’ किंवा ‘सीआय 77019’ दिसेल. हा अभ्रक. गालावरची ती मंद, ‘नैसर्गिक’ झळाळी त्याचीच. त्यातला बराच झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह आणि बिहारच्या नवादा पट्ट्यातून येतो. तिथल्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींत माणसं बिळासारख्या भोकांतून आत शिरतात आणि ‘ढिबरा’, म्हणजे अभ्रकाचे तुकडे, वेचतात. भोकं अरुंद, त्यामुळे मुलं सोयीची पडतात. 2016 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या पत्रकारांना दोन महिन्यांत अशा सात मुलांचे मृत्यू झाल्याचं आढळलं. पुढच्याच वर्षी कंपन्यांनी मिळून पॅरिसमध्ये जबाबदार अभ्रकासाठी संस्था काढली. पाच वर्षांत बालमजुरी संपवायची असं ठरलं होतं. ती मुदत आता 2030 पर्यंत गेली आहे. ढिबरा आधी किरकोळ व्यापाऱ्याकडे जातो, मग मोठ्या, मग निर्यातदाराकडे, आणि या प्रवासात त्याचं जन्मस्थान कागदावर बदलतं.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळेत बनवलेला अभ्रक वापरा. पण मग ढिबऱ्यावर चूल पेटणाऱ्या घरांनी काय करायचं, असा आणखी एक प्रश्न उभा राहतो. तुम्ही लिपस्टिक घ्यायला निघाला होतात. प्रश्न वाढवू नका.

कडक व्हायचंच असेल तर दिवाळीच्या प्रदर्शनात व्हा. बचत गटाच्या ताई कागदी पुडीतलं उटणं विकत असतील, त्यांना विचारा, “सर्टिफिकेट आहे का?” त्या म्हणतील, “घरीच दळलंय हो.” मान हलवून पुढे व्हा. कुठलं चिन्ह नाही, ‘आमचा प्रवास’ सांगणारं पत्रक नाही. विश्वास ठेवायचा तरी कशावर?

इतकं करूनही मन खातच असेल, तर कंपनीला एक ईमेल टाका: तुमचा अभ्रक नेमका कुठल्या खाणीतला? उत्तर हमखास येईल. तुमच्या जागरूकतेचं कौतुक असेल, ‘आम्ही केवळ जबाबदार स्रोतांकडूनच खरेदी करतो’ असं एक वाक्य असेल, खाणीचं नाव नसेल आणि खाली पंधरा टक्के सवलतीचं कूपन असेल. ते लगेच वापरा. हायलायटरवरही चालतं.