वॉर्डाच्या रेषा कुणी आखायच्या?

मुंबईचे प्रभाग २२७चे २३६ झाले आणि परत २२७ झाले. नोव्हेंबर २०२१मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने नऊ प्रभाग वाढवले. सरकार बदललं, आणि ऑगस्ट २०२२मध्ये शिंदे सरकारने तो निर्णय फिरवला. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२लाच संपली होती. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. या उशिरामागे ओबीसी आरक्षणाचा वादही होता, पण प्रभागांच्या ओढाताणीने गुंता वाढवला हे नक्की. जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता.

यावर गावाकडच्या चर्चेत हमखास ऐकू येतं, "तुमच्या तिकडे असं चालत नाही." मी टोरांटोत राहतो. इथे अगदी असंच चाललं. शहराने लोकांशी सल्लामसलत करून ४७ वॉर्डांची रचना ठरवली होती. २०१८च्या मे महिन्यात उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली, लोक प्रचाराला लागले. जुलैअखेर ऑन्टारियो या आमच्या प्रांताचे नवे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी वॉर्ड २५वर आणायचं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि २२ ऑक्टोबरला त्याच नकाशावर मतदान झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने न्यायालयाने सांगितलं, प्रांताला तो अधिकार आहे. आज इथे एका नगरसेवकामागे लाखाहून जास्त माणसं आहेत.

पण याच शहरातले संसदेचे मतदारसंघ वेगळ्या पद्धतीने आखले जातात. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक प्रांतासाठी तीन जणांचा आयोग नेमतात. अध्यक्ष न्यायाधीश असतो, त्याला प्रांताचे मुख्य न्यायाधीश नेमतात. बाकीच्या दोघांना संसदेचे सभापती. खासदार हरकत घेऊ शकतात, शेवटचा शब्द मात्र आयोगाचा. गेल्या फेरीत टोरांटोची एक जागा कमी झाली, २५च्या २४ राहिल्या. लोक चिडले, सुनावण्यांत भांडले. तरी सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीचा नकाशा काढून घेतला, असा आरोप माझ्या कानावर आला नाही.

गंमत अशी की आकड्यांचा नियम आपल्याकडे जास्त कडक आहे. महाराष्ट्रात प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे होऊ द्यायची नाही. कॅनडात पंचवीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तरीही विश्वास इथल्या नकाशावर जास्त बसतो. कारण दहा टक्क्यांच्या आत राहूनसुद्धा एखादी चाळ किंवा झोपडपट्टी मधोमध फोडता येते आणि कुणाचीही गठ्ठा मतं विखुरता येतात. शिवाय आपलं ते दहा टक्क्यांचं गणितही अजून २०११च्या जनगणनेवरच मांडलेलं!

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १७वरून १० केल्या आणि उपनगरांच्या १७वरून २६. शहरातल्या पुढाऱ्यांना ते झोंबलं असणार, पण माणसं खरोखरच उत्तरेकडे सरकली होती. आयोगावर आमदार-खासदार सहयोगी सदस्य म्हणून बसत, त्यांना मताचा अधिकार नव्हता. हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणूनच मार्च २०२२मधला विधिमंडळाचा निर्णय मला अजून सलतो. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतले, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. नंतर सरकार कुणाचंही आलं, तरी तो अधिकार परत करायची भाषा कुणी केली नाही.

२०२७ची जनगणना झाली की मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडचे नकाशे नव्याने निघतील. त्याआधी मार्च २०२२ची ही कायदादुरुस्ती मागे घ्यायला हवी, आणि मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या वर्षात प्रभागांची संख्या बदलायला कायद्यानेच मनाई हवी. ही दुसरी अट टोरांटोलाही हवी आहे. मी इथल्या माझ्या प्रांतिक आमदाराकडे तीच मागणी करतो आहे.